मळ्यातला वारकरी : श्रीसंत सावता महाराज

॥ राम कृष्ण हरी ॥

आमच्या दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून हा अंक निघतो आहे. अंकात चालण्याच्या गोष्टी भरपूर आहेत. कुठल्या साली पावसानं कुठं गाठलं, कोणत्या गावानं पिठलं-भाकरी घातली, विणा कोणाकडून कोणाकडे आला, हे सगळं असायलाच हवं. पण अंकाची आखणी करताना आम्ही सगळ्यांनी मिळून एक ठरवलं. एक चरित्र अशा संतांचं घ्यायचं, की ज्यांनी पंढरीची वाट कधी धरली नाही असं परंपरा सांगते. ते संत म्हणजे अरणचे सावता महाराज. आपण त्यांना प्रेमानं सावतोबा म्हणतो.

चालणाऱ्यांनी न चालणाऱ्याचं चरित्र का लिहावं, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर चरित्रातच आहे. आधी चरित्र ऐकू या.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात मोडनिंबजवळ अरण हे गाव आहे. शेजारीच भेंड गाव, म्हणून जुनी माणसं अरणभेंडी असा जोडनावानं उल्लेख करतात. चरित्रकार सांगतात, की सावतोबांचे आजोबा दैवू माळी हे मिरजेकडच्या औसे गावाहून इकडे येऊन राहिले. त्यांना दोन मुलगे, पुरसोबा आणि डोंगरोबा. पुरसोबा मळा करायचे आणि पंढरीची वारीही करायचे. पुरसोबा आणि नांगिताबाई यांच्या पोटी शके ११७२ मध्ये, म्हणजे इ.स. १२५० साली, सावतोबा जन्मले. घरात माळकरी बाप, दारात मळा, आणि पंढरपूर जवळ. भक्ती त्यांना कुठून शोधून आणावी लागली नाही. मुलानं औत धरावं तसं त्यांनी नाम धरलं.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. सावतोबा ऐन विशी-पंचविशीत असताना, १२७३ ते १२७७ या वर्षांत, पंढरपूरच्या देवळाला मोठी दानं मिळाली. रामदेवराव यादवांच्या राज्यातली ही गोष्ट. ती दानं शिळेवर कोरली गेली, तोच आपण ज्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतो तो. वारकरी त्याला पाठ घासायचे, चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून. राजानं, सरदारांनी दिलेलं दान असं दगडावर राहिलं. अरणच्या माळ्याकडे द्यायला होती ती रोजची मेहनत, आणि ती रोजच्या रोज वाफ्यात मुरत होती. तिचा शिलालेख कुठून होणार?

आता मळा म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी थोडं सांगितलं पाहिजे. आता बटण दाबलं की मोटार चालू होते आणि ठिबकानं पाणी मुळाशी जातं. तेव्हा विहिरीवर मोट असायची. बैल धावेवरून खाली उतरले की चामड्याची मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं मळ्यात जायचं. मग बैल मागं मागं सरत पुन्हा विहिरीपाशी. असं दिवसभर. बघा, मोटेचा बैलसुद्धा एक प्रकारची वारीच करत असतो, जातो आणि येतो. एक जण मोट हाकणार, एक जण मळ्यात दारं धरणार. एका वाफ्याला पाणी पुरलं की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. लक्ष दुसरीकडे गेलं की पाणी भलतीकडे गेलंच. त्याशिवाय भाजीच्या वाफ्यात खुरपं घेऊन रोज बसावं लागतं, कारण तण रोज उगवतं. काल काढलं म्हणून आज सुट्टी मिळत नाही.

ही कामं करताना माणसाचे हात गुंतलेले असतात, पण तोंड आणि मन मोकळं असतं. सावतोबांनी ते मोकळं मन विठ्ठलाला देऊन टाकलं. कामाला वेगळा वेळ, देवाला वेगळा वेळ अशी वाटणी त्यांनी केली नाही. मळ्यातली भाजी, कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांत त्यांना देव दिसू लागला. विहीर, दोर आणि मोट यांतही तोच दिसू लागला. पंढरपूरला कमरेवर हात ठेवून जो उभा आहे, तोच इथं वाफ्यात अंकुर होऊन वर येतो, ही त्यांची खूण होती. आपण देवळात गेलो की पायरीशी वाकतो. सावतोबा वाफ्यात वाकायचे. वाकणं तेच.

आमच्यातले शेतकरी इथं मान डोलावतील. आपला मुलूख कमी पावसाचा. मळा केला म्हणजे सुखच लागतं असं नाही. विहीर आटते, बैल बसतो, हातातोंडाशी आलेला वाफा एका गारपिटीत भुईसपाट होतो. सावतोबांचा मुलूखही हाच आणि माती हीच. मळेकऱ्याला जे सोसावं लागतं ते त्यांच्या वाट्याला आलं नसेल असं कसं म्हणावं? पण त्यांच्या अभंगांत रडगाणं सापडत नाही. माळ्याच्या घरी जन्म झाला, मळ्याचं काम वाट्याला आलं, याचं समाधानच त्यांनी गायलं आहे. आमच्या मते हे समाधान त्यांना मळ्यानंच शिकवलं. बी टाकल्यावर माती उकरून रोज बघत बसणारा माळी आम्ही तरी पाहिलेला नाही. तो पाणी देतो, तण काढतो आणि वाट पाहतो. आपल्या हातात किती आणि देवाच्या हातात किती, याचा हिशेब मळेकऱ्याइतका स्वच्छ दुसऱ्या कोणाला कळत नाही. तो हिशेब ज्याला कळला, त्याची झोप कशानं उडणार?

सावतोबांचं लग्न भेंड गावच्या जनाबाईंशी झालं. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन लेकरं झाली. प्रपंच होता, आणि प्रपंचात भांड्याला भांडं लागतंच. त्याची एक कथा सांगतात. एकदा सासुरवाडीची माणसं घरी आली होती. नेमके त्याच वेळी पंढरीला निघालेले वारकरी अरणात उतरले होते. सावतोबा त्यांच्यात भजनाला बसले ते तिथंच रंगले. पाहुण्यांकडे बघायचंही भान राहिलं नाही. जनाबाईंना राग आला. का येऊ नये? माहेरच्या माणसांसमोर मान खाली गेली, याचं दुःख बाईमाणसालाच कळतं. त्या तावातावानं बोलल्या. सावतोबांनी आवाज चढवला नाही, की उठून निघूनही गेले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की प्रपंच नीट करावा, पाहुणा-रावळा सांभाळावा, आणि हे सगळं करताना चित्त विठोबापाशी ठेवावं, म्हणजे घरातच पंढरी होते. जनाबाईंचा राग निवळला. पुढं त्याही या वाटेला लागल्या. मोठे चमत्कार खूप सांगता येतात, पण तापलेल्या घरात गार बोलणं हे आम्हाला फार अवघड वाटतं. आमच्या दिंडीत ज्यांचे संसार झाले आहेत त्यांना विचारा.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष द्यावं. सावतोबा पंढरीला गेले नाहीत म्हणजे त्यांनी वारीला नावं ठेवली, असं मुळीच नाही. वारकरी दारात आले की त्यांचा जीव हरखून जायचा. वारकऱ्यांत देव पाहायचा आणि आपल्या जागी राहून कामात देव पाहायचा, ही दोन्ही एकाच झाडाची फळं. त्या काळचे आपले संत पाहिले तर हेच दिसतं. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवायचे. नरहरी महाराज पंढरपुरात सोनारकाम करायचे. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायच्या. मंगळवेढ्याच्या चोखोबांना तर देवळाच्या आतही येऊ दिलं नाही, पण त्यांचा विठ्ठल काही आतच बसून राहिला नाही. प्रत्येकानं आपापल्या हातातल्या कामातून त्याला बाहेर बोलावलं. सावतोबांनी मळ्यात बोलावलं.

आणि तो आला. ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे, तरी पुन्हा सांगू. महिपतीबाबांनी भक्तविजयात ती घेतली आहे.

पैठणला कूर्मदास नावाचे भक्त होते. त्यांना हात-पाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि ते निघाले. पोटावर सरपटत, गडबडा लोळत, दिवसाला जमेल तेवढी वाट. कित्येक महिने लागले. कार्तिकी जवळ आली तेव्हा ते लऊळ गावापर्यंत पोचले होते. हे लऊळही माढा तालुक्यातच. अंग सोलून निघालं होतं, पुढं सरकणं अशक्य झालं. तेव्हा त्यांनी वाटेनं जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हाती देवाला निरोप पाठवला, की मला येववत नाही, आता तूच ये.

निरोप पोचला. देव निघाले. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव होते. वाटेत अरण लागलं. देवाला सावतोबांची आठवण झाली. दोघांना बाहेर थांबवून देव एकटेच मळ्यात शिरले. सावतोबा खुरपत होते. देवानं घाबऱ्याघुबऱ्या सांगितलं, की माझ्यामागं दोन चोर लागलेत, मला लपव. मळ्यात लपवायला जागा कुठली? सावतोबांनी हातातल्या खुरप्यानं आपलं पोट चिरलं, देवाला आत घेतलं, वरून वस्त्र बांधलं आणि पुन्हा भजन सुरू केलं. बाहेर ज्ञानदेव आणि नामदेव वाट पाहून थकले. शोधत मळ्यात आले, तर देव दिसेना. नामदेवांना तर देवाशिवाय घटकाभरही करमायचं नाही. ते रडू लागले. शेवटी त्यांची व्याकुळता पाहून देव प्रकट झाले. मग सगळे मिळून लऊळला गेले आणि कूर्मदासांची भेट झाली.

कथेचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. आम्ही एवढंच पाहतो, की या कथेत तीन तऱ्हेचे भक्त आहेत. नामदेव देवाबरोबर चालणारे. कूर्मदास चालायची इच्छा असून शरीरानं अडलेले. सावतोबा आपल्या कामाच्या जागी थांबलेले. आणि देव तिघांचाही आहे. चालणाऱ्याच्या संगतीत तो आहे, अडलेल्यासाठी तो वाट तुडवत जातो, आणि कामात बुडालेल्याच्या तर पोटातच शिरतो. खुरपं तेच, रोज तण काढायचं. त्याच खुरप्यानं देवाला जागा करून दिली. वेगळं शस्त्र, वेगळी साधना आणावी लागली नाही.

सावतोबा अभंग म्हणायचे आणि काशिबा गुरव ते लिहून घ्यायचे, असं सांगतात. आज त्यांचे ३७ अभंग मिळतात. एवढेच, पण त्यांत मळ्याचा वास आहे. ओव्या-अभंगांत राजवाडे आणि रत्नं कोणीही आणील, भाजीपाला आणून देवाच्या पंक्तीला बसवणं हे त्यांनीच केलं. एक गंमतही सांगण्यासारखी आहे. आपण जो अभंग म्हणतो त्यात मिरचीही येते. खरं पाहता मिरची हे परदेशी पीक, पोर्तुगीज इकडे आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकात, ती आपल्याकडे आली. सावतोबांच्या काळी तिखटासाठी मिरं असायचं. मग अभंगात मिरची आली कुठून? तोंडोतोंडी गाताना पुढच्या पिढ्यांनी आपल्या वाफ्यातलं पीकही त्यात लावलं असणार. आम्हाला यात उणेपणा वाटत नाही. मळा जिवंत आहे, म्हणून त्यात नवं रोप लागलं. आज सावतोबा असते, तर डाळिंबाच्या बागेतही त्यांनी विठ्ठल पाहिला असता.

योग, याग, व्रतं, तीर्थं यांच्या खटाटोपाशिवाय नामानं देव भेटतो, असं ते सांगत. पण नाम म्हणजे काम टाळायची सबब त्यांनी होऊ दिली नाही. नाम घेत मळा वाळवणारा भगत त्यांना चालला नसता. मुखात नाम आणि हातात काम, दोन्ही बरोबर.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे इ.स. १२९५ साली, सावतोबांनी देह ठेवला. वय अवघं ४५ वर्षं. पुढच्याच वर्षी कार्तिकात आळंदीला ज्ञानोबा माउलींनी समाधी घेतली. सावतोबांची समाधी अरणलाच, त्यांच्या मळ्यात आहे. जिथं पाणी पाजलं, तिथंच विसावले.

आता आषाढातली रीत बघा. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. आळंदीहून माउली, देहूहून तुकोबा, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, पैठणहून नाथमहाराज, मुक्ताईनगरहून मुक्ताई. सगळे देवाच्या भेटीला येतात. अरणहून मात्र पालखी येत नाही. उलट, सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून निघते आणि अरणला जाते. देव भक्ताच्या गावाला पायी जातो. त्या सोहळ्यात अरणला नारळांची हंडी बांधतात आणि ती फोडून काला होतो. ज्यांनी हा सोहळा पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी पाहावा. आषाढी झाली की आपण घाईनं घराकडे वळतो, कारण पेरणीची, खुरपणीची ओढ असते. देवाला त्याच दिवसांत एका माळ्याच्या मळ्याची ओढ लागते.

म्हणून हे चरित्र आम्हाला या अंकात हवं होतं. शंभर वर्षांत दिंडीतून किती जण चालले, याची गणती करता येईल. किती जणांना चालायचं होतं आणि चालता आलं नाही, त्यांची गणती कोण करणार? आषाढी येते ती नेमकी पेरणीच्या वेळी. पाऊस लांबला की वारीची पिशवी भरलेली राहते आणि माणूस रानात अडकतो. घरातली एक जाऊ वारीला जाते, तेव्हा दुसरी मागं राहून गोठा, म्हातारी माणसं आणि लेकरं सांभाळते. गुडघे गेलेले आमचे जुने टाळकरी दिंडी निघताना वेशीपर्यंत येतात, माळ कपाळाला लावतात आणि मागं फिरतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. आपली वारी चुकली असं त्यांना वाटतं.

२०२० आणि २०२१ या दोन आषाढींना तर सगळ्यांचीच पायी वारी थांबली. कोरोनामुळे माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी.नं पंढरीला गेल्या. दिंड्या गावातच राहिल्या. पहिल्या वर्षी प्रस्थानाच्या दिवशी आमच्या गावात घास उतरेना. टाळ खुंटीला, पताका कोपऱ्यात. मग हळूहळू लोकांनी आपली वाट काढली. कोणी पहाटे दारं धरताना हरिपाठ म्हणू लागलं. कोणी भुईमूग खुरपताना ओळीनं अभंग लावले, एका सरीतून एकीनं उचलायचा, दुसऱ्या सरीतून दुसरीनं पुढं न्यायचा. संध्याकाळी बांधावर बसून पश्चिमेचं आभाळ बघत माळ ओढायची. वारी नव्हती, तरी दिवस वाया गेले नाहीत. घरात आजार होता, पैशाची ओढाताण होती, तरी रानात गेलं की छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. मातीत हात घातला की मन ठिकाणावर यायचं. सावतोबांचं चरित्र आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्या दोन वर्षांत ते आमच्या अंगी थोडं थोडं लागलं.

दिंडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्ही चाललो, आणि पुढंही चालणार आहोत. पायी वारीचं सुख वेगळंच आहे, ते कशानं भरून येत नाही. सावतोबांचा दाखला देऊन कोणी धडधाकट माणसानं आळसानं घरी बसू नये. ते घरी बसले नव्हते, कष्टात होते. पण ज्यांना खरोखरच येता येत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. आपल्या गोठ्यात, चुलीपाशी, वाफ्यात, खाटेवर पडल्या पडल्या जे नाम घेतलं जातं ते पंढरीला पोचतं. एवढंच नाही, तर पंढरीचा राणा तिथवर येतो. दर आषाढात तो हे दाखवून देतो आहे.

आमच्या दिंडीच्या दुसऱ्या शतकासाठी सगळ्यांना मिळून एक सुचवावंसं वाटतं. वारीहून परतल्यावर प्रसाद आणि बुक्का वाटतानाच, जे मागं राहिले त्यांच्या रानात एक दिवस जावं. त्यांच्या हातातलं खुरपं आपण घ्यावं, एक सरी त्यांच्याबरोबर खुरपावी आणि खुरपता खुरपता दोन अभंग म्हणावेत. त्यांची वारीही त्यात होईल, आपलीही.

अरणच्या मळ्यातल्या त्या माळ्याला आमच्या दिंडीचा साष्टांग दंडवत.

॥ राम कृष्ण हरी ॥